फॉरवर्ड येतं, कागद येत नाही
(वाचकांचे प्रश्न)

परराष्ट्र धोरणावरून सोशल मीडियावर पक्षापक्षांत जी जुंपते, तिच्याबद्दलचे प्रश्न गेल्या अंकात मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापलेली नाहीत. ज्याला त्याला आपल्याच गल्लीत राहायचं असतं.

सिंधूचं पाणी ‘बंद केलं’ असं आमच्या एका ग्रुपवर येतं. दुसऱ्यावर येतं, ‘एक थेंबही अडवला नाही, नेहरूंनी ऐंशी टक्के देऊन टाकलं होतं.’ इकडे म्हादईचं भांडण आम्ही लहानपणापासून ऐकतोय, तिकडे एका दिवसात कसं काय झालं? आणि ते एमएएफ म्हणजे आपल्या टीएमसीत किती?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

आधी शब्द तपासू. पहलगामचा हल्ला २२ एप्रिल २०२५चा. दुसऱ्या दिवशी भारताने सिंधू जलकरार ‘स्थगित’ ठेवल्याचं जाहीर केलं. ‘रद्द’ हा शब्द सरकारचा नाही, मथळ्यांचा आहे. हा शब्द टाळण्याला कारण होतं. करारातून एकट्याने बाहेर पडण्याचं कलमच त्यात नाही. बारावं कलम सांगतं, की दोन्ही सरकारं नवा करार करून हा संपवत नाहीत तोवर हा चालूच राहील.

आता पाणी. करार १९ सप्टेंबर १९६०चा, कराचीत झालेला. सह्या नेहरू आणि अयुब खान यांच्या, मध्यस्थी जागतिक बँकेची. रावी, बियास, सतलज या पूर्वेकडच्या नद्या भारताला. सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडच्या मुख्यतः पाकिस्तानला. पूर्वेकडच्या नद्यांचं सरासरी वार्षिक पाणी ३३ एमएएफ, पश्चिमेकडच्यांचं १३५ एमएएफ धरतात. एमएएफ म्हणजे दहा लाख एकर-फूट. एक एकर रानात एक फूट पाणी उभं केलं की एक एकर-फूट. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्या हिशेबाने १ एमएएफ म्हणजे ४३.५६ टीएमसी.

आपलं घटप्रभेवरचं हिडकल धरण भरतं ५१ टीएमसीला. म्हणजे १३५ एमएएफ हे सुमारे ५,८८० टीएमसी, अशी ११५ हिडकल धरणं. एवढं पाणी एका घोषणेने अडत नसतं, त्याला भिंत लागते. पश्चिमेकडच्या नद्यांवर भारताला साठा करायची परवानगी करारात एकूण ३.६ एमएएफचीच आहे, म्हणजे १५७ टीएमसी, जेमतेम तीन हिडकल. चिनाबवरच्या बगलिहार धरणात वीजनिर्मितीसाठी वर-खाली करता येणारं पाणी त्रयस्थ तज्ज्ञाने २००७ मध्ये ठरवून दिलं, ते ३२.५६ दशलक्ष घनमीटर. ते होतं एका टीएमसीच्या थोडंसं वर. दरवाजे पाडले की नदी काही काळ आटल्यासारखी दिसते, तेवढ्यात व्हिडिओ निघतो, मग धरण भरतं आणि पाणी पुढे जातं. ‘बंद केलं’ म्हणणाऱ्याचा व्हिडिओ खरा असू शकतो, आणि ‘अडवलं नाही’ म्हणणाऱ्याचा आठवड्याचा हिशेबही.

मग स्थगितीने झालं काय? पाण्याची आकडेवारी आणि पुराच्या सूचना देण्याचं बंधन सैल झालं. गाळ कधी सोडायचा, नव्या प्रकल्पाचा आराखडा कसा करायचा, यावर पलीकडची हरकत ऐकत बसायचं कारण उरलं नाही. याचा परिणाम दिसायला बांधकामाची वर्षं लागतात.

ऐंशी टक्क्यांचा आकडा बरोबर आहे: १६८ पैकी १३५. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा. पश्चिमेकडच्या नद्यांवर पाकिस्तानी पंजाबचे कालवे फाळणीआधीपासून चालत होते. भारताला पूर्वेकडच्या तीन नद्या पूर्ण मिळाल्या. बदल्यात पलीकडे नवे कालवे काढण्यासाठी भारताने ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड दहा हप्त्यांत दिले. राजस्थानच्या कालव्याला पाणी मिळतं ते या वाटणीतून. सौदा महाग पडला असं म्हणायला जागा आहे. ‘फुकट दिलं’ म्हणायला नाही.

म्हादईचं गणित वेगळ्या वहीत आहे. दोन देशांत करार असतो आणि परराष्ट्र व्यवहार हा पूर्णपणे केंद्राचा विषय. दोन राज्यांत घटनेचं कलम २६२ आणि १९५६चा आंतरराज्य जलविवाद कायदा लागतो. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं कळसा-भांडुराचं, म्हणजे तुमच्या कणकुंबीकडून मलप्रभेत वळवायचं पाणी फक्त ३.९ टीएमसी आहे. मोठा भाग विजेसाठी. तिन्ही राज्यं त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत. ‘करार स्थगित’सारखी घोषणा इथे ना बंगळूरला करता येते, ना पणजीला.

बांगलादेशाबरोबर गावांची अदलाबदल झाली, तीही एका विधेयकाने. मग बेळगाव, कारवार, निपाणीचा प्रश्न तसाच का सुटत नाही? ‘परक्या देशाला जमीन देता येते, आपल्याच राज्याला का नाही’ असं एक पोस्टर सगळीकडे फिरतंय.
— एक निवृत्त शिक्षक, निपाणी

पोस्टरवाल्याने प्रश्न उलटा मांडलाय. कायद्याच्या भाषेत परक्या देशाला जमीन देणं जास्त अवघड आहे आणि राज्याची हद्द बदलणं सोपं.

परदेशाला भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीच्या संदर्भात १९६० साली सांगितलं. पूर्व पाकिस्तानशी १९५८ साली झालेल्या नेहरू-नून करारातला तो वाद. म्हणूनच बांगलादेशाशी सीमेचा करार १९७४ला झाला, त्यावरचा उपकरार २०११ला, आणि प्रत्यक्ष अदलाबदल झाली २०१५च्या शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर, ३१ जुलैच्या मध्यरात्री. भारताची १११ छिटमहालं, म्हणजे दुसऱ्या देशाच्या हद्दीत अडकलेले आपले तुकडे, गेली, १७,१६० एकर. आली ५१, म्हणजे ७,११० एकर. भाजपने २०१३ मध्ये या विधेयकाला विरोध केला होता, आणि त्याच पक्षाच्या सरकारने २०१५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर करून घेतलं. ग्रुपवर यातलं एकच टोक येतं. कुठलं, ते पाठवणाऱ्याचा डीपी बघून कळतं.

राज्याच्या हद्दीसाठी कलम ३ आहे. साधं विधेयक, साधं बहुमत. राष्ट्रपती संबंधित विधानसभांचं मत मागवतात, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. आंध्र विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचं विधेयक फेटाळलं, तरी तेलंगण झालंच. म्हणजे वाट मोकळी आहे, चालायला कोणी तयार नाही. दोन्ही राज्यांत मतं आहेत, बहुतेक मोठे पक्ष दोन्हीकडे आहेत, आणि दोन्हीकडे वेगळं बोलतात. छिटमहालांत राहणाऱ्यांची तर मतदारयादीच नव्हती.

आपल्या प्रश्नाचा कागद असा: १ नोव्हेंबर १९५६ची राज्य पुनर्रचना, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग, ज्याने पुढल्या वर्षी अहवाल देऊन २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला सुचवली आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवलं, महाराष्ट्राने तो नाकारला, आणि २००४ साली कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला मूळ दावा क्रमांक ४. मागणी ८६५ गावांची. ‘८६५ गावं महाजनने दिली’ असा मजकूर फिरतो, त्यात दोन वेगळे आकडे एकमेकांत शिवलेत.

कच्चतीवू बेट इंदिरा गांधींनी संसदेला न विचारता श्रीलंकेला दिलं, हे खरं का?
— चिकोडीहून

करार २६ आणि २८ जून १९७४चा, बेट २८५ एकरांचं. घटनादुरुस्ती झाली नाही, हे खरं. सरकारची भूमिका अशी होती, की सीमा कधी आखलेलीच नव्हती, म्हणून हे ‘देणं’ नसून ‘आखणं’ आहे, आणि बेरुबारीचा नियम लागू होत नाही. संसदेला कळवलंच नाही, हे मात्र खोटं: परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंह यांनी २३ जुलै १९७४ला लोकसभेत निवेदन केलं आणि तिथे कडाडून विरोध झाला.

एरवी कोणी सांगत नाही ते असं: २०१५ साली, भाजपचं सरकार असताना, परराष्ट्र मंत्रालयाने माहिती अधिकारात दिलेलं उत्तरही तेच होतं, की यात भारताचा भूभाग मिळवणं वा सोडणं नव्हतं. २०२४च्या निवडणुकीत पंतप्रधानांनी मुद्दा काढला तेव्हा ते उत्तर काँग्रेसवाल्यांनी शोधून आणलं. फाईल तीच असते, बाकं बदलतात.

मच्छिमारांचा खरा प्रश्न १९७६चा आहे. १९७४च्या पाचव्या कलमाने भारतीय मच्छिमार आणि यात्रेकरूंना व्हिसाशिवाय बेटावर जाता येतं. मासेमारी बंद झाली ती १९७६च्या पत्रव्यवहाराने, ज्यात दोन्ही देशांनी एकमेकांच्या सागरी क्षेत्रात मासेमारी न करण्याचं मान्य केलं. त्याच व्यवहारात कन्याकुमारीजवळचा वाज बँक हा मासळीचा पट्टा भारताकडे आला. बेटाचं पोस्टर करणारे हा पट्टा कापून टाकतात.

कॉलेजच्या वादविवादात विषय आहे: ‘नेहरूंनी सुरक्षा परिषदेची जागा नाकारली.’ मला विरोधी बाजू मिळालीय. सर, मुद्दे द्या.
— एक विद्यार्थिनी, टिळकवाडी

दोन्ही बाजूंचे देतो. समोरचा काय म्हणणार ते कळलं तरच बोलता येतं.

प्रस्तावाच्या बाजूला कागद आहे. ऑगस्ट १९५० मध्ये अमेरिकेतल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी नेहरूंना लिहिलं, की चीनला काढून भारताला बसवण्याची चर्चा अमेरिकी परराष्ट्र खात्यात आहे. नेहरूंनी नको म्हटलं. १९५५ मध्ये सोविएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी सहावी जागा भारताला देण्याची गोष्ट काढली. नेहरू म्हणाले, आधी चीनचा प्रश्न मिटू द्या.

तुमच्या बाजूलाही कागद आहे. २७ सप्टेंबर १९५५ला नेहरूंनी लोकसभेत सांगितलं, की असा औपचारिक वा अनौपचारिक कुठलाही प्रस्ताव आलेला नाही. त्याहून भक्कम मुद्दा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा. कायम सदस्यांची नावं कलम २३ मध्येच लिहिलेली आहेत. ती बदलायला कलम १०८प्रमाणे दोन-तृतीयांश सदस्यांची मंजुरी आणि पाचही कायम सदस्यांचा होकार लागतो. १९५० साली त्या खुर्चीत तैवानचं सरकार बसलं होतं, नकाराधिकारासह. स्वतःला काढण्याच्या दुरुस्तीवर त्याने सही केली असती का, हे परीक्षकांना विचारा.

‘जागा चीनला दिली’ असं समोरून आलं तर तारीख टाका: कम्युनिस्ट चीनला ती जागा मिळाली २५ ऑक्टोबर १९७१ला, आमसभेच्या २७५८ क्रमांकाच्या ठरावाने. नेहरू तोवर हयात नव्हते. तुम्ही ‘कोणी कधी सुचवलंच नाही’ एवढं मात्र म्हणू नका. समोर ती पत्रं निघाली की तिथेच हराल.

गाझाच्या ठरावावर भारताने इस्रायलच्या बाजूने मत दिलं की विरोधात? आमच्या घरातच दोन स्क्रीनशॉट आहेत.
— अनगोळ

दोन्ही खरे असतील, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे ठराव दोन आहेत. २७ ऑक्टोबर २०२३ला भारत तटस्थ राहिला. ठरावात हमासचं नाव यावं अशी कॅनडाची दुरुस्ती होती, तिच्या बाजूने भारताने मत दिलं होतं, ती पडली. १२ डिसेंबर २०२३च्या युद्धविरामाच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला: १५३ बाजूने, १० विरोधात, २३ तटस्थ. तटस्थ राहणं म्हणजे विरोध नव्हे, आणि गैरहजर राहणं हे तिसरंच. अशा स्क्रीनशॉटवर तारीख आणि ठरावाचा क्रमांक नसेल तर वाद घालू नका, क्रमांक मागा.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा नेत्यांची ट्वीट आणि दगडफेकीचे व्हिडिओ यांतलं खरं-खोटं कळेना. पुन्हा तसं झालं तर कसं तपासायचं? मोबाईलवर होईल असं सांगा.
— एका युवक मंडळाचे कार्यकर्ते, येळ्ळूर

त्या वेळी हिरेबागेवाडी टोलनाक्यावर ६ डिसेंबरला महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगडफेक झाली, ती खरी. पण १४ डिसेंबरला दोन्ही मुख्यमंत्र्यांची दिल्लीत बैठक घेतल्यावर गृहमंत्री अमित शहांनी दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री बसवण्याचं ठरल्याचं सांगितलं, आणि मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वाद भडकवला, गुन्हे दाखल होतील, असंही सांगितलं.

ट्वीटच्या स्क्रीनशॉटमध्ये मोठ्या अक्षरातल्या नावाकडे बघू नका, ते कोणीही काहीही ठेवतं. खालचं हँडल अक्षर अक्षर वाचा. शून्य आणि ओ, एल आणि आय यांची अदलाबदल, शेवटी जादा अंडरस्कोर हे नेहमीचे डाव. ते हँडल स्वतः टाइप करून खातं उघडा आणि कोणत्या महिन्यात काढलंय ते बघा. निळी खूण आता पैसे भरून मिळते, सरकारी खात्याची खूण करड्या रंगाची असते. मग अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये हँडल आणि त्या दिवसाची तारीख घालून शोधा. सापडलं नाही आणि पाठवणारा ‘डिलीट केलं’ म्हणाला, तर वेबॅक मशीनवर जुनी प्रत आहे का बघा. तिथेही नसेल तर तो स्क्रीनशॉट आहे, पुरावा नाही.

व्हिडिओसाठी एक चौकट थांबवून तिचा फोटो काढा आणि गुगल लेन्सला द्या. तीन-चार वेगवेगळ्या चौकटी द्या, पहिलीच बहुतेक धूसर असते. शोधाच्या निकालात सर्वांत जुनी तारीख शोधा, सर्वांत वरची नव्हे. इथेच बरेच जण चुकतात. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ चालू असताना ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं विमानं पाडल्याची म्हणून फिरली. त्यांत धूर आणि स्फोट कृत्रिम वाटतात; कॅमेरा मात्र मुद्दाम हलवलेला असू शकतो.

सीमाभागातल्या माणसाला एक जादाचा फायदा आहे. आपण कन्नड आणि देवनागरी दोन्ही पाट्या वाचतो आणि गाडीचं पासिंग बघायची सवय असते. केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, एमएच-०९ कोल्हापूर. ‘बेळगावात आज’ म्हणून आलेल्या व्हिडिओत दुकानाची पाटी तेलुगू आणि रिक्षा टीएस किंवा टीजी, म्हणजे तेलंगण पासिंगची असेल तर पुढे बघायची गरज नाही.

पीआयबी (केंद्राचं पत्रसूचना कार्यालय) फॅक्ट चेकलाही विचारता येतं, पण ते केंद्र सरकारविषयीचेच दावे तपासतं आणि ते सरकारचंच आहे. विरोधकांबद्दलच्या खोट्या पोस्टवर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

‘संसदेत सरकारने कबूल केलं’ असे कागद येतात. ते खरे आहेत का हे कसं बघायचं? आणि मी स्वतः माहिती अधिकारात परराष्ट्र मंत्रालयाला विचारू शकतो का?
— एक दुकानदार, गणपत गल्ली

बांधावरून भांडण झालं की आपण आधी उतारा काढतो. संसदेचं उत्तर म्हणजे त्यातला उतारा, आणि तो फुकट निघतो.

खऱ्या कागदावर चार गोष्टी असतात: सभागृह, प्रश्नाचा क्रमांक आणि तो तारांकित की अतारांकित, उत्तराची तारीख, मंत्रालय. अलीकडच्या काही वर्षांत परराष्ट्र मंत्रालयाची पाळी लोकसभेत शुक्रवारी आणि राज्यसभेत गुरुवारी असते. कागदावर ‘लोकसभा’ आणि मंगळवारची तारीख असेल तर कॅलेंडर उघडा. मग ‘संसद डॉट इन’वर सभागृह निवडा, प्रश्नांच्या विभागात मंत्रालय आणि तारीख घाला, पीडीएफ उघडा. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही संसदेतली प्रश्नोत्तरं, करारांचे मजकूर आणि प्रवक्त्याच्या पत्रकार परिषदांचे शब्दशः वृत्तान्त आहेत.

पीडीएफ मिळाल्यावर एक चूक हमखास होते. प्रश्न ‘अ, आ, इ’ असा तुकड्यांत असतो. खासदाराने प्रश्नातच ‘सरकारने अमुक एकर सोडले हे खरे आहे काय’ असं लिहिलेलं असतं, आणि ग्रुपवर तेवढ्यालाच पिवळा मार्कर मारून येतो. ते वाक्य खासदाराचं. सरकारचं म्हणणं ‘उत्तर’ या शब्दाच्या खाली सुरू होतं. अनेक तुकड्यांना एकत्र उत्तर दिलेलं असेल तर नेमका कुठला प्रश्न टाळलाय तेही तिथेच दिसतं.

माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, पण वरती सापडणाऱ्या गोष्टीसाठी करू नका. केंद्राचं पोर्टल ऑनलाइन आहे. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. केंद्राकडच्या अर्जाला शब्दमर्यादा ५००; कर्नाटक सरकारच्या खात्याकडे करायचा असेल तर १५० शब्द आणि विषय एकच. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असं कायदा म्हणतो, आणि आपल्या भागाची राजभाषा कन्नड. मराठीत पाठवला तर अडकू शकतो, म्हणून हिंदीत लिहा. उत्तराला मुदत ३० दिवस. न आल्यास वा न पटल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला शुल्क नाही. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोग.

परराष्ट्र मंत्रालयाकडून नकार येतो तो बहुतेक कलम ८(१)(अ)खाली, म्हणजे परदेशाशी संबंधांना बाधा. यातून वाट अशी, की ‘का’ विचारू नका, ‘कागद’ मागा. ‘सरकारने अमुक धोरण का बदलले’ या प्रश्नाला ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं. ‘अमुक तारखेच्या कराराची संसदेपुढे ठेवलेली प्रत आणि तिच्या सोबतचं टिपण’ असं मागितलं तर नाकारायला कारण लिहावं लागतं. अर्जात शेवटी कलम १०चा उल्लेख करा: काही भाग गोपनीय असला तर तो झाकून उरलेला द्यावा.

मी गल्लीच्या दोनशे जणांच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. कोणी पाकिस्तान, हिंदू-मुसलमान किंवा कन्नड-मराठीवरून काही टाकलं तर केस माझ्यावर होते काय? बायको म्हणत्याय, सोडून द्या तो ग्रुप.
— शहापूर

दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, त्यात तुमचाही समान हेतू दिसावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटलं. केरळ उच्च न्यायालयाचाही २०२२चा निकाल तसाच आहे. हे निकाल कर्नाटकात बंधनकारक नाहीत, वकिलाला दाखवता मात्र येतात. शिवाय तक्रार आली की ठाण्याची फेरी चुकत नाही, हे वहिनींना बरोबर ठाऊक आहे.

सहसा लागतात ती भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ (गटांत वैर वाढवणं) आणि ३५३ (अफवा), दोन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ‘६६ अ लागेल’ असं कोणी धमकावलं तर ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५लाच रद्द केलंय. सरकारच्या परराष्ट्र धोरणावर टीका करणं हा गुन्हा नाही.

करायचं ते असं. ग्रुप परमिशन्समध्ये नवा सदस्य अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच येईल असं ठेवा. सणात, निवडणुकीत, १ नोव्हेंबरच्या (राज्योत्सव, काळा दिन) आसपास ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ करा. नको तो संदेश आला तर त्यावर बोट दाबून अ‍ॅडमिन म्हणून सगळ्यांसाठी डिलीट करा, आणि खाली ‘हे इथे चालणार नाही’ असं लिहा. समान हेतू नव्हता हे दाखवायला ती ओळ कामी येते. त्यावर हसणारा इमोजी टाकू नका. दुहेरी बाणाचा, ‘अनेकदा फॉरवर्ड’ झालेला संदेश व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं. तो कॉपी करून पुन्हा चिकटवला की बाण जातो आणि मजकूर तुमचा होतो.

सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्ह्यांच्या) पोलिस ठाण्यातून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची नोटीस आली तर तारखेला वकिलासह हजर राहा. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लेखी नोंदवावं लागतं. नोटीस आल्यावर ग्रुप उडवणं किंवा फोन रिसेट करणं ही सर्वांत वाईट कल्पना. मूळ गुन्हा टिकला नाही तरी पुरावा नष्ट केल्याचा नवा लागू शकतो.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या गाड्या आमच्या दारावरून जातात. मुलं अभिमानाने व्हिडिओ टाकतात. चालतं का?
— कॅम्प भागातून

संचलनाचा, परेडचा टाका. ताफ्याचा नको, तणावाच्या दिवसांत तर मुळीच नको. मे २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सैन्याच्या हालचाली थेट न दाखवण्याची सूचना वाहिन्यांबरोबर सामान्य माणसालाही केली होती. एका ताफ्याच्या व्हिडिओत गाड्यांची संख्या, दिशा, वेळ आणि मागची पाटी या चार गोष्टी येतात, आणि पाटीवर गल्लीचं नाव असतं. टाकलाच असेल तर आज रात्री काढायला सांगा, आणि आजोबांच्या ग्रुपवर गेलेलाही.